हाताभर अंतरावरून

*ताई,*

*मी एकेचाळीस वर्षांची आहे. एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. घरी नवरा आणि पंधरा वर्षांचा मुलगा. सांगण्यासारखं दुःख काही नाही, आणि तरी दिवसातून चारदा माझा जीव टांगणीला लागलेला असतो.*

*गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, 'उद्या सकाळी जरा बोलू या.' एवढाच. त्या 'जरा'वर मी रात्र काढली. तिमाहीच्या अहवालात चूक निघाली असणार, इथून सुरुवात झाली. पहाटेपर्यंत नोकरी गेली होती, घराचे हप्ते थकले होते आणि मुलाचं शिक्षण थांबलं होतं. सकाळी कळलं, नव्याने आलेल्या मुलीला काम कोणी शिकवायचं हे त्यांना विचारायचं होतं. हायसं वाटलं. पण ते दुपारपर्यंतच टिकलं. मग आठवलं की मुलगा सकाळी खोकत होता.*

*तो पोहण्याच्या सरावाहून पंधरा मिनिटं उशिरा आला की मी खिडकीत. फोन उचलला नाही की पुन्हा लावते, परत लावते. पाठवून झालेली ईमेल पाच-पाच वेळा उघडून वाचते. नवरा म्हणतो, 'उगाच विचार करतेस, सोडून दे.' आई म्हणते, 'लोकांना केवढाली दुःखं असतात, जरा त्यांच्याकडे बघ.' मैत्रिणीने अंतराळातून काढलेला पृथ्वीचा फोटो पाठवला. इवलासा ठिपका, आणि खाली लिहिलेलं की एवढ्याशा ठिपक्यावर कसली आलीय चिंता. तो बघून मला त्या ठिपक्याचीच काळजी वाटायला लागली.*

*मला सगळं कळतं हो, ताई. कळतं पण वळत नाही. काय करू?*

*– एक काळजीखोर*

*ता. क. पत्र फार लांब झालं का? आणि मूर्खपणाचं वाटलं का?*

प्रिय काळजीखोर,

ठिपक्याचीच काळजी वाटायला लागली, हे वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. रागावू नका. इतकं सगळं होऊनही स्वतःकडे बघून हसू येणारी बाई पत्र लिहिते आहे म्हटल्यावर मला जरा धीर आला, इतकंच.

तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिले. तिघांचाही तुमच्यावर जीव आहे आणि तिन्ही सल्ले कुचकामी आहेत. हे आधी सांगते, कारण ते लागू पडले नाहीत याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊन बसला आहात.

'सोडून दे' हा नवऱ्याचा. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक साधासा प्रयोग केला होता. लोकांना पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहायला सांगितलं आणि बजावलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर समोरची घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. गंमत पुढे आहे. नंतर त्याच लोकांना 'आता खुशाल करा अस्वलाचा विचार' म्हटलं, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा येऊन गेलं. त्याचंही कारण आहे. विचार बाहेर ठेवायचा तर दाराशी पहारेकरी बसवावा लागतो, आणि अस्वल आलं का हे बघायचं तर पहारेकऱ्याला अस्वल सतत आठवावंच लागतं. तेव्हा नवऱ्याला प्रेमाने सांगा, 'सोडून दे' म्हणजे अस्वलाला आवतण.

आईचा सल्ला जास्त त्रासाचा आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्याचा पाय मोडलाय हे कळलं म्हणून आपल्या पायातला काटा बोचायचा थांबत नाही. फक्त 'आई गं' म्हणायची लाज वाटायला लागते. आधी एकट्या अहवालाची काळजी होती, आता 'मी एवढी कृतघ्न कशी' हीसुद्धा. एकाच्या दोन झाल्या.

आणि तो ठिपका. तो फोटो खरा आहे आणि मला आवडतोही. व्हॉयेजर १ या यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी, सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून काढलेला. पण ६०० कोटी किलोमीटरवरून तुमचा मुलगा दिसत नाही. ज्या नजरेला पोरगंच दिसत नाही ती नजर घेऊन आईने करायचं काय? हल्ली 'दृष्टिकोन बदला' असं उठसूट सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच असतं, इतकं लांब जा की सगळं क्षुल्लक दिसेल. मला ते पटत नाही. तुमची नोकरी क्षुल्लक नाही, मुलगा तर नाहीच नाही. गोष्ट आहे तेवढी दिसली की पुरे. त्यासाठी ६०० कोटी किलोमीटर जावं लागत नाही. हाताभर अंतर पुरतं.

हाताभर म्हणजे खरंच हाताभर. पौर्णिमेच्या आसपास चंद्र उगवताना बघितला असेल. क्षितिजाला टेकलेला, अवाढव्य, अंगावर येईल असा. पुढच्या वेळी एक करा. हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि करंगळीचं नख त्या चंद्रावर धरा. चंद्र नखामागे आरामात लपतो. मग तीन-चार तासांनी तो वर आला, लहानसा वाटायला लागला, की पुन्हा तेच नख धरा. माप तेच! चंद्राची रुंदी आकाशात साधारण अर्धा अंश, करंगळीची टोकाशी जेमतेम एक अंश. दोन्ही वेळा तेवढीच. उलट क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून डोक्यावरच्या चंद्रापेक्षा काही हजार किलोमीटर दूरच असतो. मोठं करतो तो आपला मेंदू, आणि का करतो यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे सगळं समजल्यावर, नखाने मोजून झाल्यावर, हात खाली घेऊन पुन्हा बघा. चंद्र परत अवाढव्य! ज्ञानाने भ्रम जात नाही. मला हे माहीत होऊन कित्येक वर्षं झाली, तरी उगवता चंद्र मला मोठाच दिसतो. फरक इतकाच की 'आज चंद्र जवळ आलाय' असं मी कोणाला सांगत सुटत नाही.

तुमचं 'कळतं पण वळत नाही' हे नेमकं इथे अडलंय. तुमची अपेक्षा अशी की कळलं की काळजी वाटायची थांबली पाहिजे. ती थांबत नाही, मग तुम्हाला वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. पण काळजी मोठी दिसणारच. दिसू दे. ती कितीही मोठी दिसली तरी आपण वागायचं मापाप्रमाणे. वळायचं ते वागणं, वाटणं नव्हे. वाटणं मागाहून येतं, आणि कधीकधी येतही नाही.

माप कसं घ्यायचं ते तुमच्याच मेसेजवर करून बघू. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा बरं जमेल.

त्या रात्री तुमच्या डोक्यात जे चाललं होतं ते एक वाक्य नव्हतं, 'काहीतरी वाईट होणार' असं धुकं होतं. धुक्याला माप नसतं. म्हणून पहिलं काम, कागदावर पूर्ण वाक्य लिहायचं, कर्ता, कर्म, क्रियापद आणि तारखेसकट. 'मॅनेजर उद्या सकाळी मला सांगतील की अहवालात चूक आहे.' नुसतं एवढं लिहितानाच काही चिंता गळून पडतात; पुष्कळदा कर्ताच सापडत नाही.

मग साखळी सोडवायची. मॅनेजर नाराज आहेत. नाराजी तुमच्याच कामाबद्दल आहे. चूक इतकी मोठी आहे की नोकरी जाईल. आणि गेली तर हप्ते थकायच्या आत दुसरी मिळणार नाही. चार पायऱ्या. रात्री दोन वाजता तुम्ही चारही पायऱ्यांना शंभर टक्के दिले होते. आता चिंतेची बाजू घेऊन, अगदी सढळ हाताने, प्रत्येक पायरीला चारात एक अशी शक्यता द्या. (शेवटच्या दोन पायऱ्यांना एवढी देणं म्हणजे चैन आहे, पण असू दे.) चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार. २५६ मध्ये एक. कार्यालयात कोणी तुमच्यासमोर असा हिशेब आणला असता, प्रत्येक ओळ फुगवून आणि बेरजेच्या जागी भीती लिहून, तर तुम्ही तो सही न करता परत पाठवला असता. हे आकडे खरे नाहीत, मला ठाऊक आहे. ते अंदाजच आहेत. पण शंभर टक्के हाही अंदाजच होता, आणि तो कोणी केला हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मराठीत म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. वैऱ्यालासुद्धा एवढी साखळी सुचली नसती.

आणि २५६ मधला तो एक? तो उरतो. 'काही होणार नाही' असं वचन मी तुम्हाला देणार नाही, कारण ते देता येत नाही आणि तुमचा त्यावर विश्वासही बसणार नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना दहा दिवस आपल्या चिंता लिहून ठेवायला सांगितल्या होत्या आणि त्यांचं पुढे काय झालं ते महिनाभर तपासलं. ९१ टक्क्यांहून थोड्या जास्त चिंता खऱ्या झाल्याच नाहीत. एकोणतीस म्हणजे माणसं थोडी, त्यामुळे या आकड्याला फार लोंबकळू नका. शिवाय शंभरातल्या आठ-नऊ खऱ्याही झाल्या. मला त्यातली पद्धत आवडली. चिंता लिहायची आणि नंतर जाऊन तिचा निकालही लिहायचा. आपण पहिली गोष्ट मनातल्या मनात करतो, दुसरी करतच नाही. तुमच्या मॅनेजरचं काम निराळंच निघालं, तेव्हा तुम्ही तो निकाल कुठे नोंदवलात? कुठेच नाही. खोकला आठवला आणि पान उलटलं. चिंता दर वेळी नापास होते आणि दर वेळी तिला वरच्या वर्गात घातलं जातं.

वही घाला. डावीकडे चिंता, तारखेसकट. उजवीकडची जागा रिकामी सोडा. आठवड्यातून एकदा उजवी बाजू भरा, जे झालं ते, खरं झालं असेल तर तसंही. हे मी फुकटचं सांगत नाही. मध्यंतरी कपाट आवरताना माझी एक जुनी डायरी हाताला लागली. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'शुक्रवार!! काय होणार?' आणि खाली तीन रेघा, तिसरी इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता. मी ते पान घेऊन बराच वेळ जमिनीवर बसले. कुठला शुक्रवार? कोणाचं काय होणार होतं? मागची पुढची पानं चाळली, काही पत्ता लागेना. कागद फाटेपर्यंत ज्याची भीती वाटली त्याचं नावही आता मला माहीत नाही. उजवी बाजू मी तेव्हा भरली नव्हती. भरली असती तर पुढचे कितीतरी शुक्रवार सोपे गेले असते.

आता मुलाकडे येऊ. पत्रात तुम्ही खिडकीबद्दल एकच ओळ लिहिलीय, पण मला वाटतं खरी गाठ तिथे आहे.

आपल्या भाषेत एक सोय आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. काळजी 'करता' येते आणि काळजी 'घेता' येते. शब्द एकच, पण क्रियापद बदललं की सगळंच बदलतं. मुलगा खोकतोय तर ताप बघणं, दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे नेणं, ही काळजी घेणं. त्याला सुरुवात असते आणि शेवटही असतो. झालं की झालं. कार्यालयात बसून दुपारभर त्या खोकल्याचा कुठला आजार होईल ते आठवत राहणं, ही काळजी करणं. तिला शेवट नसतो, कारण तिच्यात करण्यासारखं काही नसतंच. आईपणातला अवघड भाग हा की दुसरी पहिलीचा वेश घेऊन येते. खिडकीत उभं राहिलं की आपण पोरासाठी काहीतरी करतोय असं वाटतं. आणि तो सुखरूप आला की खिडकीला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसं. आतून एक आवाज म्हणतो, मी एवढी काळजी केली म्हणूनच तो नीट आला; एक दिवस नाही केली आणि काही झालं तर? हा आवाज तुम्हालाही येत असणार. पैजेवर सांगते.

तो आवाज वाद घालून गप्प होत नाही. अनुभवानेच होतो, आणि अनुभव घ्यायचा तर खिडकी थोडी थोडी सोडावी लागेल. मुलाशी एकदा नीट बसून बोला आणि एकच नियम ठरवा: अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर त्याने स्वतः एक मेसेज टाकायचा. ही झाली काळजी घेणं. त्या अर्ध्या तासात तुम्ही फोन लावायचा नाही. सुरुवातीला पंधरा मिनिटंच जमलं तरी चालेल. छातीत धडधडेल, हात फोनकडे जाईल. न लावता थांबलात तर ती धडधड काही वेळाने आपोआप उतरायला लागते. तिला उतरू देणं हेच तर शिकायचंय. दर वेळी लगेच फोन लावला की आपण आधीच सुटतो, आणि धडधड आपली आपण उतरते हे मेंदूला कधी कळतच नाही.

पाचदा उघडलेल्या ईमेलचंही हेच. पाठवण्याआधी एकदा वाचा, सावकाश, ओठ हलवत. पाठवल्यावर नाही. पाठवलेली ईमेल वाचून बदलता येत नाही. खात्री होते ती दहा मिनिटांची, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच खात्रीला सहा वेळा वाचावं लागतं. नवऱ्यालाही सांगून ठेवा की तुम्ही 'सगळं ठीक होईल ना?' असं विचारलंत तर त्याने एकदाच उत्तर द्यायचं. त्यालाही सुटल्यासारखं होईल.

आणखी एक युक्ती आहे, ती करताना थोडं वेड्यासारखं वाटतं. स्वतःशी बोलताना 'मी' म्हणायचं नाही, स्वतःला नावाने हाक मारायची. 'माझं आता काय होणार' ऐवजी 'अगं अमुक, तुझ्याकडे मेसेज काय आलाय, नीट वाच बघू'. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की माणसं मित्राच्या अडचणीबद्दल जितक्या समजूतदारपणे विचार करतात तितक्या स्वतःच्या अडचणीबद्दल करत नाहीत. पण स्वतःकडे बाहेरून, त्रयस्थासारखं बघायला सांगितलं की हा फरक उरत नाही. म्हणजे शहाणपण आपल्याजवळ असतं, फक्त पत्ता दुसऱ्याचा असतो. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला 'उद्या जरा बोलू या' असा मेसेज आला असता तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं? 'अगं, काम असेल काहीतरी, झोप.' याहून अधिक तुम्ही काही बोलला नसता, आणि ते बरोबर ठरलं असतं.

रात्रीबद्दल मात्र मी कडक आहे. रात्री अकरानंतर कुठल्याही प्रश्नाचा निकाल लावायचा नाही. अंधारात, आडवं पडून, एकटीने, थकलेल्या डोक्याने काढलेल्या निष्कर्षांना मी किंमत देत नाही. तुम्हीही देऊ नका. तो उगवता चंद्र. पलंगाजवळ कागद ठेवा आणि विचार आला की दोन ओळी लिहा: काय आहे, आणि उद्या किती वाजता त्याचं काय करणार. दुसरी ओळ महत्त्वाची. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं हे आपल्याला माहीतच आहे; २०११ मधल्या एका संशोधनात दिसलं की ते काम पूर्ण केलं नाही, नुसता कधी आणि कसं करायचं याचा ठोस बेत केला, तरी मन ते बरंच सोडून देतं. 'उद्या १० वाजता अहवालाची प्रत समोर घेऊन मॅनेजरकडे जाणार.' एवढं लिहून दिवा घालवा. लगेच झोप येईल असं नाही. जागं राहणं आणि जागं राहून खटला चालवणं यात फरक आहे, मी फक्त खटला बंद करायला सांगतेय.

आणि खटल्याला दिवसा तारीख द्या. यात माझं काही नाही. थॉमस बोर्कोवेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासून मांडली आणि उपचारक ती अजून वापरतात. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात कुठलीही काळजी डोकावली की तिला हाकलायचं नाही (अस्वल आठवतंय ना?), तिला म्हणायचं, 'साडेसहाला ये.' मग साडेसहाला खरोखर बसायचं. ही वेळ पाळणं गरजेचं आहे. नाहीतर मनाला कळतं की नुसती थाप होती, आणि दुसऱ्या दिवशी काळज्या बाहेर थांबत नाहीत. बसल्यावर काय होतं ते मजेशीर असतं. सकाळी ज्या आत घुसायला धडपडत होत्या त्यातल्या बऱ्याच साडेसहाला येतच नाहीत. ज्या येतात त्यांच्यासाठी ती वही आणि ती साखळी. खुर्ची पलंगापासून लांब असू दे आणि वेळ झोपेच्या फार जवळची नको.

शरीराबद्दल थोडक्यात. श्वास आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत, पाचेक मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी उतरते, एवढंच; यात करामत काही नाही. कॉफी दुपारी संपवा. कॅफीन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि त्याने होणारी धडधड आणि भीतीने होणारी धडधड आतून सारखीच वाटते. रोज घाम येईपर्यंत चाला. झालं.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. तुम्ही लिहिलंत की हे 'दिवसातून चारदा' होतं, पण किती महिन्यांपासून ते लिहिलं नाहीत. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, निरनिराळ्या गोष्टींची काळजी आवरता येत नसेल आणि बरोबरीने बेचैनी, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, अंग आखडणं, झोप मोडणं यातलं तीनेक काही असेल, तर ते स्वभावाचं प्रकरण राहत नाही. त्याला उपचार आहे. डॉक्टरांकडे सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, जीएडी-७ नावाची, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर ते पुढे नीट तपासतात. थायरॉईडचीही तपासणी करून घ्या, कारण ती ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी अशीच धडधड आणि अस्वस्थता होते आणि माणूस बिचारा स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसतो. बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी लोक चिंतेच्या विकारासह जगत होते. म्हणजे डॉक्टरांपुढे तुम्ही काही नवीन घेऊन जाणार नाही. आणि कधी जगणंच नको असं वाटायला लागलं तर माझ्या पुढच्या सदराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं आणि डॉक्टर गाठायचे.

एवढं सगळं एकदम करू नका. तुमचा स्वभाव बघता तुम्ही याचीच यादी कराल आणि त्यातलं काय राहिलं याची काळजी कराल. या महिन्यात फक्त वही. पुढच्या महिन्यात खिडकी. चंद्र मात्र पहिल्या पौर्णिमेलाच मोजा, आणि मुलालाही बोलवा. त्याचा हात आता तुमच्यापेक्षा लांब असेल.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. पत्र लांब होतं, पण कंटाळवाणं नव्हतं. मूर्खपणाचं तर अजिबात नव्हतं. हे एकदाच सांगतेय. पुन्हा विचारलंत तर उत्तर देणार नाही.

तुमची,
ताई